बाबासाहेब, बहुमत आणि भंडारा

राज्यशास्त्राचा पाठ शिकविताना एक प्रश्न आमच्यासमोर हटकून येतो. निम्म्याहून अधिक सभासद ज्याच्यापाशी नाहीत, तो पक्ष राज्य कसे चालवू शकतो? २०१४ साली महाराष्ट्रात २८८ पैकी १२२ आमदारांच्या बळावर एका पक्षाच्या सरकारने शपथ घेतली, तेव्हा वसतिगृहातील मुलांनी वर्तमानपत्र हाती घेऊनच आम्हांस गाठले होते. आम्ही फळ्यावर भारतीय संविधानाचे १६४ वे कलम मांडले. मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, एवढेच तेथे आहे. सरकार बनविण्यासाठी अमुक इतके सभासद हवेत, असा आकडा त्यात नाही. केंद्राविषयीच्या ७५ व्या कलमातही नाही. ज्या पुरुषाच्या देखरेखीखाली ही कलमे लिहिली गेली, त्याच्यापाशी आयुष्यात एकदाही कोणत्याही सभागृहाचे बहुमत नव्हते, ही गोष्ट मुलांना त्या दिवशी फार नवलाची वाटली होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते समग्र सांगण्याचा येथे हेतू नाही. बहुमताच्या राजकारणाशी या अल्पमतातील नेत्याने जो दीर्घ झगडा दिला, आणि ज्याचा एक अध्याय आपल्या भंडारा जिल्ह्यात घडला, तेवढाच धागा आम्ही हाती घेत आहोत.

मराठी भाषेची येथे एक सोय आहे. आपल्याकडे अल्पमत आणि अल्पसंख्य असे दोन वेगळे शब्द आहेत. आज अल्पमतात असलेला पक्ष उद्या मतदारांचे मन वळवून बहुमतात येऊ शकतो. अल्पसंख्य समाज मात्र जन्मानेच अल्पसंख्य असतो. त्याने कितीही मने वळविली तरी त्याची संख्या वाढत नाही. बाबासाहेबांच्या घटनाविषयक विचाराचा पाया या भेदावर आहे. राजकीय बहुमत घडते आणि मोडते. जातीय बहुसंख्या जन्माला येते आणि तशीच राहते. इंग्लंडात पहिल्या प्रकारचे बहुमत राज्य करते, भारतात मात्र दुसरे पहिल्याचा वेष घेऊन राज्य करील, ही त्यांची चिंता होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथील अध्ययन, हा भाग सर्वश्रुत आहे. कायदेमंडळाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध १९२७ मध्ये आला, तोही निवडणुकीने नव्हे, तर मुंबई कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून. द्विदल राज्यपद्धतीचा तो काळ. गव्हर्नर लहान लहान गटांतून मंत्री निवडीत, आणि ते मंत्री बऱ्याच अंशी सरकारी व नियुक्त सभासदांच्या मतांवर तग धरीत. सभागृहाचा विश्वास नसतानाही खुर्ची कशी टिकते, हे बाबासाहेबांनी तेथे जवळून पाहिले. त्यानंतर गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ चा पुणे करार झाला, आणि १९३५ चा कायदा आला.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. अस्पृश्यांचा म्हणून न काढता मजुरांचा व शेतकऱ्यांचा म्हणून काढलेला हा पक्ष होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात या पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे स्पृश्य समाजातील सभासदही त्यांत होते. १७५ जागांच्या सभागृहात सर्वांत मोठा पक्ष काँग्रेसचा होता. परंतु गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने मंत्रिपदे घेण्यास नकार दिला.

पेच असा पडला की, राज्य करू शकणारा पक्ष राज्य करावयास तयार नाही. १ एप्रिल १९३७ रोजी मुंबईत साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच सुमारास आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नागपुरास, डॉ. ई. राघवेंद्र राव यांचे मंत्रिमंडळ आले. दोन्ही शुद्ध अल्पमतातील सरकारे. नागपुरास तर ११२ पैकी सुमारे ७० जागा काँग्रेसच्या हाती होत्या! ही सरकारे टिकली, ती सभागृह बोलाविले गेले नाही म्हणूनच. जोपर्यंत सभा भरत नाही, तोपर्यंत अविश्वास दाखवावयाचा कोणी? मात्र कायद्याने सहा महिन्यांच्या आत सभा भरविणे भाग होते. जुलैत काँग्रेसने आपला निर्णय बदलला आणि ही दोन्ही मंत्रिमंडळे सभागृहास तोंड न देताच निवर्तली. अल्पमतातील सरकार चालविण्याचा हा सर्वांत निकृष्ट प्रकार होय, असे आमचे मत आहे. पुढे १९७९ साली केंद्रात चौधरी चरणसिंगांचे सरकारही लोकसभेसमोर एक दिवस न जाता पडले.

मुंबईत खेर मंत्रिमंडळ आले आणि बाबासाहेब विरोधी बाकांवर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. सभागृहात डझन-दीड डझन मते असताना विधेयक मांडता येते, संमत करून घेता येत नाही. त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कास वेसण घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी कम्युनिस्टांशी असलेले मतभेद बाजूस ठेविले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक मात्र बहुमताच्या जोरावर संमत झालेच. भिन्न विचारांच्या पक्षांनी एका कार्यापुरते एकत्र यावे आणि कार्य संपताच आपापल्या वाटेने जावे, ही रीत बाबासाहेबांनी येथपासून अंगी बाणविली, असे आम्हांस दिसते.

नागपुरास त्याच वर्षी वेगळाच धडा मिळाला. मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी आपले मंत्रिमंडळ मोडून नवे बनविले, आणि पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेने त्यांना काही दिवसांतच पायउतार व्हावे लागले. सभागृहात मतदान झाले नाही. सरकार सभागृहात न घडता पक्षाच्या बैठकीत घडू व मोडू लागले, तर जबाबदारी कोणास राहते? या प्रकरणाची दखल बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात घेतली आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद झाले. ६ मे १९४५ रोजी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी जातीय पेच सोडविण्याची जी योजना मांडली, ती आमच्या मते त्यांच्या राजकीय बुद्धिमत्तेचा एक दुर्लक्षित नमुना आहे. बहुसंख्य समाजाला बहुमत मिळावे, पण ते निरपेक्ष नसावे, सापेक्ष असावे, हे त्या योजनेचे सूत्र. मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदूंना शेकडा ४०, मुसलमानांना ३२, अनुसूचित जातींना २० आणि उरलेल्या जागा शीख, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना, अशी वाटणी त्यांनी सुचविली. सर्वांत मोठा गट हिंदूंचाच राहतो. पण कोणास तरी सोबत घेतल्यावाचून त्याला सरकार बनविता येत नाही. ही वाटणी कोणी मान्य केली नाही, आणि फाळणीनंतर तिचा आधारच उरला नाही. परंतु आघाडी ही नाइलाजाने पत्करावयाची आपत्ती नसून ती राज्यघटनेतच विणलेली असावी, हा विचार त्या काळी फारच थोड्यांनी केला होता.

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबईतून घटना समितीत जाण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बाबासाहेब तेथून निवडून आले. घटना समितीपुढे ठेवण्यासाठी १९४७ साली त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात त्यांची योजना आणखी पुढे गेली. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा. मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्य समाजाच्या सभासदांनी निवडावेत, बहुसंख्याकांचे प्रतिनिधी साऱ्या सभागृहाने. आणि असे मंत्रिमंडळ सभागृहाची मुदत संपेपर्यंत काढता येऊ नये. बहुसंख्य समाजातला जो माणूस अल्पसंख्याकांना सर्वस्वी अमान्य, त्याचा मंत्रिपदापर्यंतचा मार्ग यामुळे बिकट होणार होता.

आणि तेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सादर करताना संसदीय पद्धतीची बाजू मांडीत उभे राहिले! अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. सरकारच्या कामाची झडती निवडणुकीच्या वेळी तर होतेच, पण प्रश्न, ठराव आणि अविश्वासाच्या सूचनांमधून ती रोजच्या रोज होते. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली, असे त्यांचे प्रतिपादन होते. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि सभागृहाचे लहान लहान गटांत तुकडे होण्याची भीती, ही दोन कारणे देऊन बाबासाहेबांनी तिला विरोध केला. देशाला टिकाऊ सरकार हवे, हे त्यांचे म्हणणे होते.

एका वर्षात हा पालट कसा झाला? टीकाकारांनी यास विसंगती म्हटले आहे. आम्हांस ते पटत नाही. १९४७ चे निवेदन फेडरेशनच्या नेत्याचे होते. १९४८ चा मसुदा संपूर्ण घटना समितीचा होता, आणि संसदीय पद्धतीचा निर्णय तिच्या समित्यांनी आधीच घेतला होता. मसुदा समितीचे अध्यक्षपद आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळातील कायदेमंत्रिपद त्यांनी स्वीकारले होते. तेही मंत्रिमंडळ एका अर्थी आघाडीचेच होते, कारण श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम् चेट्टी, सरदार बलदेवसिंग असे काँग्रेसबाहेरचे लोक त्यात होते. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मूळ मसुद्यात राज्यपालांसाठी एक अनुदेशपत्र परिशिष्टाच्या रूपाने जोडलेले होते. सभागृहात स्थिर बहुमत मिळविण्याची शक्यता ज्याला अधिक, त्याच्या सल्ल्याने मंत्री नेमावेत आणि शक्यतो महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांचे सभासद त्यांत असावेत, असे त्यात होते. १९४९ साली ते परिशिष्टच गाळण्यात आले. त्यामुळे स्थिर बहुमताची अटही गेली आणि अल्पसंख्याकांना मंत्रिमंडळात स्थान देण्याची सूचनाही गेली. अल्पमतातील सरकारास घटनेत जी जागा आहे, ती या मौनामुळे आहे. आणि मंत्रिमंडळात दुर्बलांचा आवाज असेलच असे नाही, तेही या मौनामुळेच.

घटना लागू झाल्यावर तिची परीक्षा लगेच सुरू झाली. १९५२ साली मद्रासेत ३७५ पैकी १५२ जागा घेऊन राजाजींनी सरकार बनविले आणि नंतर लहान पक्ष ओढून बहुमत जमविले. बाबासाहेब तेव्हा मंत्रिमंडळात नव्हते. हिंदू कोड बिलाची वासलात लागलेली पाहून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला होता. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कोणाशी सहकार्य करावयाचे याचे नियमच त्यांनी घालून दिले: हिंदुमहासभेसारख्या पक्षांशी नाही, कम्युनिस्टांशी नाही. समाजवाद्यांशी समझोता झाला.

त्या वेळच्या द्विसदस्य मतदारसंघाची रचना आजच्या वाचकांस समजावून सांगितली पाहिजे. एका मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन सभासद निवडले जात. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतील एक बाद होई. म्हणजे राखीव जागेचा उमेदवारही मुख्यतः स्पृश्य मतदारांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून असे. १९५२ च्या जानेवारीत उत्तर मुंबईत बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता जोडीने उभे राहिले. दोघेही पडले. बाबासाहेबांचा पराभव सुमारे १४ हजार मतांनी झाला आणि हजारो मते बाद ठरली. सोलापुरात मात्र शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज ही जोडी निवडून आली. एका ठिकाणी दोन्ही बाजूंची मते एकमेकांकडे गेली, दुसरीकडे गेली नाहीत.

आता भंडारा. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. गोंदियाही याच जिल्ह्यात. १९५२ च्या निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी यांचा त्यांच्या विडीच्या पेढीमार्फत सरकारशी पुरवठ्याचा करार होता, या कारणाने ते अपात्र ठरले. शिवाय महानुभाव पंथाचा स्वीकार केलेल्या एका महार उमेदवाराचा राखीव जागेचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असाही निर्णय झाला. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सारी निवडणूकच रद्द ठरविली. पंथ बदलल्याने माणसाची जात सुटते काय, हा प्रश्न दिल्लीच्या न्यायालयात आपल्या जिल्ह्यातून गेला होता, हे आजही अनेकांस ठाऊक नसते.

मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती. आपल्याकडचा मे महिना म्हणजे अंगाची लाही करणारे ऊन, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामामुळे कष्टकरी माणूस रानात. तशाही स्थितीत त्यांनी प्रचारसभा घेतल्या आणि नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, कठोर टीका केली.

या निवडणुकीतील एक आठवण सांगितली जाते. काही कार्यकर्त्यांनी सुचविले की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे राखीव जागेच्या शर्यतीत ते पुढे राहतील. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने घटनेत प्रत्येकाला मताचा अधिकार मिळवून दिला, त्याने मत कुजविण्यास सांगावे, हे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. दुसरे मत समझोत्याप्रमाणे मेहतांकडे गेले. निकाल लागला तेव्हा मेहता विजयी झाले, आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. आघाडीतील आपला वाटा फेडरेशनच्या मतदारांनी प्रामाणिकपणे उचलला. दुसऱ्या बाजूची दुसरी मते त्या प्रमाणात आली नाहीत, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. सापेक्ष बहुमताची योजना मांडणाऱ्या द्रष्ट्याला जातीय बहुसंख्येचा अर्थ आपल्या गावागावांतल्या पेट्यांनी असा दाखविला. या पराभवाबद्दल जिल्ह्यातील वडीलधारी माणसे अजून खाली मान घालून बोलतात. आमच्या मते मान त्यांनी खाली घालण्याचे कारण नाही.

योगायोग असा की, याच्या दोनच महिने आधी त्रावणकोर-कोचीनमध्ये मेहतांच्याच पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै अवघ्या १९ सभासदांच्या बळावर मुख्यमंत्री झाले होते. काँग्रेसच्या ४५ सभासदांनी बाहेरून पाठिंबा दिला. काँग्रेसला सत्ता नको होती, कम्युनिस्टांना मिळू द्यावयाची नव्हती. ऑगस्टमध्ये तेथे पोलीस गोळीबार झाला, डॉ. राममनोहर लोहियांनी स्वपक्षाच्या सरकारचा राजीनामा मागितला आणि पक्षात फूट पडली. फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने हात काढून घेताच ते सरकार कोसळले. बाहेरून पाठिंबा देणारा जबाबदारी घेत नाही, पण दोरी हातात ठेवतो. कूपर मंत्रिमंडळाच्या काळी ती दोरी गव्हर्नरांच्या हाती होती, एवढाच फरक.

१९५६ साली बाबासाहेबांचा लोहियांशी पत्रव्यवहार चालू होता. फेडरेशन विसर्जित करून सर्वांना खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याचा त्यांचा संकल्प होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण. पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच स्थापन झाला, संस्थापकाशिवाय. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून, वेगवेगळ्या विचारांच्या पक्षांबरोबर, आघाडी काय करू शकते ते दाखवून दिले होते. त्यानंतर पक्षाचे जे तुकडे झाले, त्यांची यादी या स्मरणिकेत देण्याची आमची इच्छा नाही.

धम्मदीक्षेने आपल्या समाजापुढे एक कठीण प्रश्न उभा केला. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण दिल्लीतील बहुमताची सरकारे तीस वर्षांहून अधिक काळ स्वस्थ बसली. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या जनता दलाचे लोकसभेत १४३ सभासद होते. भारतीय जनता पक्ष एका बाजूने आणि डावे पक्ष दुसऱ्या बाजूने, असा बाहेरचा पाठिंबा होता. हे सरकार अकरा महिने टिकले. त्या अकरा महिन्यांत बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले, आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देणारा १९९० चा दुरुस्ती कायदा संमत झाला.

७ नोव्हेंबर १९९० रोजी त्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव १४२ विरुद्ध ३४६ मतांनी फेटाळला गेला. तोपर्यंत कायदा अमलात आलेला होता. त्यानंतरच्या वर्षांत दहावी-बारावी करून बाहेर पडलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना, दाखल्यावर बौद्ध अशी नोंद असतानाही, रेल्वे, टपाल आणि बँकांच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येऊ लागले.